शब्दाची फोड

लॅबमधून फोनवर रिपोर्ट घ्यायचा असला की मी खुर्चीतून उठते. दुसऱ्या कानावर हात दाबून ऐकते, आणि ऐकलेला शब्द तुकड्यातुकड्यानं समोरच्याला परत म्हणून दाखवते. लॅबमधली नवी मुलं वैतागतात. "सिस्टर, एकदा सांगितलं ना?" म्हणतात. मी म्हणते, "सांगितलंत. आता मी म्हटलं ते बरोबर आहे का, तेवढं सांगा." ते "हो" म्हणतात, मगच मी फोन ठेवते.

ही सवय माझी नाही, पाटोळे मॅडमची आहे. मॅडम जाऊन आता वर्ष होत आलं. नगरचं अहिल्यानगर झालं. ज्या इमारतीत आमचं नर्सिंग स्कूल होतं तिथं आता दुसरंच काही चालतं. पण या जिल्ह्यातल्या कुठल्याही दवाखान्यात जा, एखादी मध्यमवयीन सिस्टर फोनवर उभी राहून बोलताना दिसली, तर ती पाटोळे मॅडमच्या हाताखालची असणार असं मी डोळे मिटून सांगेन.

सुनंदा पाटोळे हे त्यांचं पूर्ण नाव. मूळच्या नेवाशाकडच्या. वडील चर्चच्या शाळेत मास्तर होते. बुटक्या, सावळ्या, अंगानं भरलेल्या. साडी नेहमी इस्त्रीची, केस घट्ट बांधलेले, आणि चष्मा नाकावर इतका खाली की आमच्याकडे बघताना त्या चष्म्याच्या वरूनच बघत. हसल्या तर आवाज येत नसे, फक्त हनुवटी हलायची. चहा मात्र बशीत ओतून प्यायच्या आणि त्याची त्यांना अजिबात लाज नव्हती.

आम्ही पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत अशा भागातून आलेल्या मुली. एकदोघी अकोले तालुक्यातल्या, भंडारदऱ्याच्या वरच्या वाड्यांमधल्या. सगळ्यांची बारावी मराठीतून झालेली. पुस्तकं मात्र इंग्रजीत, उशीएवढी जाड. पहिल्या आठवड्यात हॉस्टेलवर रोज कुणीतरी रडायचं आणि कुणीतरी ट्रंक भरायचं. इंग्रजी येत नव्हतं म्हणून नव्हे, थोडंफार यायचं. पण ते शब्द इंग्रजीतही बसत नव्हते. एकेक शब्द आगगाडीसारखा, डोकं इकडं अन् शेपूट तिकडं.

मॅडम पहिल्या तासाला आल्या आणि काही न बोलता फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच शब्द लिहिला. 'हिपॅटोस्प्लीनोमेगली.' अर्थात इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. मग वळून म्हणाल्या, "वाचा."

पुढच्या बाकावरची एक 'हे... हेप...' करून खाली बसली.

"घरी भाकरी खाता की नाही?"

"खातो मॅडम."

"अख्खी तोंडात घालता?"

"न्हाई."

"मग हा का अख्खा गिळताय? मोडा त्याला. फोड करा."

आणि त्यांनी आम्हाला बाकांवरून उठवून अंगणात नेलं. मुलींची रांग केली. प्रत्येकीला शब्दाचा एकेक तुकडा दिला. हि, पॅ, टो, स्प्ली, नो, मे, ग, ली. पहिलीनं आपला तुकडा म्हणायचा, लगेच दुसरीनं, लगेच तिसरीनं. पहिल्या फेरीत शब्द मधेच सांडला. पुन्हा केलं. पुन्हा सांडला. दुपारच्या उन्हात आम्ही तो शब्द या टोकाकडून त्या टोकाकडे नेत राहिलो, विहिरीवरून घागरी नेतात तसा. शेवटी तो सलग निघाला तेव्हा आम्हीच टाळ्या वाजवल्या. मॅडमनी वाजवल्या नाहीत.

"हा झाला जिभेसाठी," त्या म्हणाल्या. "आता डोक्यासाठी. डोक्यासाठी फोड वेगळी असते."

मग त्यांनी रांगेतल्या मुली हलवल्या. पहिल्या तिघींना एका बाजूला केलं, मधल्या दोघींना दुसऱ्या, आणि शेवटच्या तिघींना तिसऱ्या. हे 'हिपॅटो', म्हणजे यकृत. हे 'स्प्लीनो', म्हणजे प्लीहा. हे 'मेगली', म्हणजे मोठं होणं. "यकृत आणि प्लीहा, दोन्ही सुजून मोठी झालीत. बस. एवढंच म्हणतोय बिचारा. ग्रीक लोकांनी तेवढंच म्हटलंय, फक्त एका दमात म्हटलंय." मग चष्म्याच्या वरून बघत, "आणि प्लीहा, स्प्लीन, कान लावून ऐका जरा. मावसबहिणी वाटतात की नाही?"

त्या दिवसापासून वर्गात, व्हरांड्यात, जेवणाच्या रांगेत एकच, "फोड करा." मुली मागून त्यांना 'फोडणी मॅडम' म्हणायच्या. त्यांना ते माहीत होतं. एकदा मेसमध्ये वरण बेचव लागलं तर मावशींना म्हणाल्या, "माझं नाव बदनाम करू नका हो," आणि हनुवटी हलली. आम्ही मेल्याहून मेल्यासारख्या झालो.

जिभेची फोड आणि अर्थाची फोड वेगळी, हे त्यांचं पहिलं सूत्र. दुसरं, जोर कुठं द्यायचा त्याचं. असल्या लांब शब्दांत बहुतेक वेळा शेवटून तिसऱ्या तुकड्यावर जोर येतो. तिथं त्या आम्हाला टाच आपटायला लावायच्या. वॉर्डात राऊंडला डॉक्टर एखादा शब्द बोलले की मागं उभ्या असलेल्या आमच्या टाचा आपोआप हलायच्या. तिसरं, शॉर्टफॉर्म बंद. त्यांच्या वहीतपासणीत नुसती आद्याक्षरं सापडली की पान परत. "शॉर्टफॉर्मनं वेळ वाचतो," त्या म्हणत. "पेशंट वाचेलच असं नाही."

आमच्या बोलण्याला मात्र त्या कधी हसल्या नाहीत. आम्ही 'पानी' म्हणायचो, 'कोन' म्हणायचो, 'आमी गेल्तो' म्हणायचो. दुसऱ्या एक मॅडम त्यावरून आमची नक्कल करत. पाटोळे मॅडम म्हणायच्या, "तुमचं पानी मला समजतं. पेशंटला तर त्याहून चांगलं समजतं. ते राहू द्या तसंच." 'डायरिया' शिकवताना त्यांनी विचारलं, याला तुमच्याकडे काय म्हणतात? सगळ्या खाली बघायला लागल्या. शेवटी मागून कुणीतरी पुटपुटलं, "हगवन." मॅडमनी तो शब्द फळ्यावर 'डायरिया'च्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिला. "डाया म्हणजे आरपार, रिया म्हणजे वाहणं. आरपार वाहणं. हगवणीत आणि यात काय फरक आहे? लाजायचं काय त्यात?"

इतक्या लांबलचक शब्दांसाठी ही बाई एवढा जीव का काढते, ते आम्हाला पहिल्या वर्षी कळलं नाही. पाठांतर म्हणून आम्ही ते करत राहिलो. कळलं ते वॉर्डात पाठवायच्या आदल्या दिवशी.

त्या दिवशी मॅडमनी वर्गाचं दार लावून घेतलं. टेबलामागं न जाता पुढं येऊन उभ्या राहिल्या. फळ्यावर दोनच शब्द लिहिले, एकाखाली एक. 'हायपोग्लायसेमिया.' 'हायपरग्लायसेमिया.'

"फरक सांगा."

"पो आणि पर, मॅडम."

"अर्थ?"

"पो म्हणजे साखर कमी झाली. पर म्हणजे वाढली."

"बरोबर," त्या म्हणाल्या. "आता खडू ठेवते. हे ऐका आणि लिहू नका."

त्यांची नोकरी नवी होती तेव्हा. तालुक्याच्या गावी एक छोटा दवाखाना. संध्याकाळी कौसाबाई नावाची म्हातारी दाखल झाली होती, उलट्या आणि चक्कर म्हणून. साखरेचा आजार होताच. तेव्हा वॉर्डात बोट टोचून साखर बघायचं यंत्र नव्हतं, रक्त लॅबला गेलं. लॅबचा माणूस फोनवर बोलला. वॉर्डात पंखा खडखडत होता, एक पोरगं रडत होतं, आणि सुनंदा सिस्टर फोन मानेत धरून हातानं दुसऱ्याचं इंजेक्शन भरत होती. तो 'हायपो' म्हणाला. हिनं 'हायपर' ऐकलं. तेच डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलं. तिनं दिलं.

"कौसाबाई माझा हात धरून म्हणत होत्या, पोरी, जीव घाबरा हुतोय, गुळाचा खडा असला तर दे," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, शिकवतानाचा. "मी म्हटलं, आजी, तुमची साखर वाढलीय. गूळ विष आहे तुम्हाला. त्या परत मागत होत्या. मी रागावले त्यांना. थोड्या वेळानं त्यांचं बोलणं थांबलं. मला वाटलं, झोपल्या."

पुढच्या बाकावरच्या एकीनं उघडी वही मिटली.

"त्या गेल्या. लॅबचा कागद नंतर आला, तेव्हा मी वाचला. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, कुणाला काही बोलू नकोस. मेट्रन म्हणाल्या, तुझी नोकरी जाईल, लग्न मोडेल. त्यांचंही चूक नव्हतं, त्या माझ्या काळजीनंच सांगत होत्या. मी काही दिवस गप्प राहिले. मला जेवण जाईना. मग एक दिवस एसटीत बसले आणि त्यांच्या गावी गेले."

मुलगा अंगणात बसला होता, डोकं भादरलेला. तिनं उभ्यानंच सगळं सांगितलं. माझ्या ऐकण्यात चूक झाली, आणि त्या चुकीनं तुमची आई गेली. मग त्यानं विचारलं, "ती शेवटाला काय म्हनली?"

"गूळ मागत होत्या."

"दिला?"

"नाही."

इथं मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला. "तो उठला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मारतो आता. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, 'आलीस ते बरं केलंस बाई. पर आता परत येऊ नगंस.' आणि आत निघून गेला. मी परत गेले नाही."

मग त्यांनी खडू उचलला आणि दोन्ही शब्दांतल्या 'पो' आणि 'पर'भोवती गोल काढले. "उद्यापासून तुम्ही वॉर्डात. फोन आला की उठून उभ्या राहा. हातात दुसरं काम नको. ऐकलेलं परत म्हणा आणि समोरच्याकडून हो घ्या. तो चिडला तर चिडू दे."

नंतर कळलं, त्या दरवर्षी हे सांगत. प्रत्येक बॅचला, वॉर्डात पाठवायच्या आदल्या दिवशी, दार लावून. कौसाबाईंचं नाव घेऊन. वरिष्ठांनी त्यांना एकदोनदा समजावलं होतं, की मुलींपुढं स्वतःची अब्रू कशाला घालवता, कुणाचं तरी म्हणून सांगा. मॅडम म्हणाल्या होत्या, "कुणाचं तरी म्हणून सांगितलं तर त्यांना वाटेल, ते कुणाकडून तरी होतं."

आमच्या वर्गात वैशाली होती, तिसगावच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. आईबाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की गाव रिकामं, ते पार उन्हाळा लागेपर्यंत. वैशाली आजीजवळ राहून शिकलेली. अभ्यासात हुशार, बोलायला कमी.

दुसऱ्या वर्षी स्त्रियांच्या शस्त्रक्रियांचा धडा आला. मॅडम नेहमीप्रमाणे शेपटापासून सुरुवात करत होत्या. नुसतं 'टॉमी' म्हणजे चिरणं. 'ऑस्टॉमी' म्हणजे चिरून तोंड ठेवणं. 'एक्टॉमी' म्हणजे कापून बाहेर काढणं, कायमचं. हिस्टेरेक्टॉमी म्हणजे गर्भाशय काढणं. सॅल्पिंक्स म्हणजे तुतारी, गर्भनलिकेचा आकार तुतारीसारखा असतो म्हणून. मग ओओफोरेक्टॉमी. "दोन ओ आहेत. दोन्ही म्हणा, एक खाऊ नका. ओ-ओ-फो-रेक-टो-मी. ओओफोरॉन म्हणजे बीज धरणारं. अंडाशय. ते काढलं की बाईचं शरीर एका दिवसात म्हातारपणाकडं ढकललं जातं. हाडं ठिसूळ होतात, अंगाची आग होते, झोप उडते."

वैशाली उभी राहिली. कधी न उठणारी मुलगी उठली म्हणून सगळ्या वळल्या.

"मॅडम, माझ्या आईची पिशवी काढलीय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हनले हुते, पिशवी आन् बाजूचं समदं काढून टाकलं, आता कटकट न्हाई. आई तेव्हा तिशीची पन नव्हती. तिला आता कोयता उचलत न्हाई. अंगाची आग हुती म्हनून ती थंडीत झोपडीबाहेर झोपती. आमाला वाटायचं तिला कायतरी लागीर झालंय."

मॅडमनी खडू खाली ठेवला. वैशालीच पुढं म्हणाली, "माझ्या बहिनीची पन काढायचं चाललंय. ऊसतोडीची टोळी निघायच्या आधी."

तास तिथंच संपला. रविवारी चर्च आटोपल्यावर मॅडम वैशालीबरोबर निघाल्या, आणि सोबत म्हणून मला घेतलं. तिसगावात उतरून पुढं जीपनं. वस्तीवर बाभळीखाली वैशालीची बहीण सुरेखा बसली होती, पंचविशीची, मांडीवर एक पोर आणि पायाशी एक.

"काय होतंय तुला?" मॅडमनी विचारलं.

"अंगावरून पांढरं जातंय. कंबर दुखती."

"डॉक्टर याला काय म्हणाले?"

"कायतरी इंग्रजी म्हनले. लई मोठं. मंग म्हनले, पिशवी सडली, पुढं क्यान्सर हुईल."

"ल्युकोरिया म्हणाले का?"

"व्हय व्हय, तसंच कायतरी."

"ल्युको म्हणजे पांढरं. रिया म्हणजे जाणं, वाहणं," मॅडम म्हणाल्या. "तू त्यांना सांगितलंस पांढरं जातंय. त्यांनी तुला ग्रीकमध्ये सांगितलं, पांढरं जातंय. तुझंच तुला परत दिलं बाई. का जातंय, ते अजून कुणी बघितलंच नाही."

सुरेखानं मांडीवरचं पोर खाली ठेवलं.

मग मॅडमनी तिला 'हिस्टेरेक्टॉमी' म्हणायला शिकवायला घेतलं. मला ते त्या वेळी विचित्रच वाटलं. सुरेखाही म्हणाली, "मला न्हाई यायचं बाई असलं. पिशवीच बरंय की."

"पिशवी म्हटलं की ती बाजारची वाटते," मॅडम म्हणाल्या. "जुनी झाली, फेकली. तू हा शब्द म्हण. जड वाटू दे तोंडाला. काय काढतायत ते कळू दे."

सुरेखानं तो म्हटला. तुकडे पाडून, अडखळत, मग सलग. शेजारच्या बाया जमल्या, त्यांनीही म्हणून बघितला आणि तोंडाला पदर लावून हसल्या. पुढच्या खेपेला सुरेखा त्या डॉक्टरांकडं गेली तेव्हा मॅडम बरोबर होत्या, पण आत एक शब्द बोलल्या नाहीत. भिंतीकडच्या बाकावर बसून राहिल्या. सुरेखानंच विचारलं. हिस्टेरेक्टॉमी कशामुळं करायची? बीजाचं ठेवणार का तेबी काढणार? औषधानं बघितलं का आधी? डॉक्टर तिच्याकडं, मग मॅडमकडं बघून म्हणाले, "विश्वास नसेल तर दुसरीकडं जा." त्या दुसरीकडं, नगरच्या सरकारी दवाखान्यात गेल्या. तपासण्या झाल्या. जंतुसंसर्ग होता. नवराबायको दोघांनी औषधं घ्यायची होती. नवरा कुरकुरला, पण घेतली. सुरेखा बरी झाली. तिला काहीही काढावं लागलं नाही.

हे इथं थांबलं असतं तर सांगायला सोपं होतं. पण मॅडम त्या वस्तीवर पुढंही जात राहिल्या. बाया जमायच्या, शब्द म्हणायच्या, आपली दुखणी सांगायच्या. आणि तरीही दरवर्षी टोळी निघायच्या आधी त्यांच्यातली कुणी ना कुणी ऑपरेशन करून घ्यायचीच. शेवटी एकीनं, वैशालीच्या चुलतीनंच, सरळ सांगितलं, "बाई, सबूद पाठ झाला आमाला. तुमी चांगलं सांगताय. पर उसाच्या फडात आडोसा न्हाई, पानी न्हाई. पाळी आली म्हनून खाडा केला तर मुकादम बोलतो. त्याचं काय करायचं, ते बी सांगा की."

येताना जीपमध्ये मॅडम एकदाच बोलल्या. "तिचं बरोबर आहे गं. मी त्यांना आजाराचं नाव शिकवायला गेले, आणि आजार फडात आहे."

हेही त्यांनी वर्गात सांगितलं. आपलं कुठं चाललं नाही, ते न लपवता सांगणारी दुसरी शिक्षक बाई मी पाहिली नाही. मात्र त्यांनी जाणं सोडलं नाही. निवृत्त झाल्यावर तर जास्तच जाऊ लागल्या. आडोशासाठी, पाण्यासाठी कुणाकुणाच्या ऑफिसात खेटे घातले. थोडं झालं, पुष्कळ राहिलं.

आमच्या गाठीभेटी मग कमी झाल्या. नोकरी, लग्न, मुलं. नाताळला मी केक घेऊन जायची, त्या मला शेवचिवडा बांधून द्यायच्या. पाटोळे काका एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. उंच, हडकुळे, फार कमी बोलणारे. मॅडम बोलत असल्या की काका त्यांच्याकडं रेडिओ ऐकावा तसं बघत बसायचे.

गेल्या वर्षी मॅडम आमच्याच सर्जिकल वॉर्डात दाखल झाल्या. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगाला खाज, वजन निम्म्यावर. मी त्यांना ओळखलं ते चष्म्याच्या वरून बघण्यावरून. तपासण्या झाल्या. सर्जन चांगले गृहस्थ होते. त्यांनी मॅडमपाशी बसून इंग्रजीत सगळं नीट सांगितलं, काही लपवलं नाही. ऑपरेशनच्या पलीकडं गेलं होतं. नळी घालून कावीळ थोडी उतरवता आली असती, तेवढंच. बाहेर काका उभे होते. सर्जननी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काका, पित्ताच्या नळीला जरा सूज आहे." त्यांना वाटलं असेल, म्हातारा माणूस, कशाला.

दार उघडंच होतं. मॅडमनी ते ऐकलं.

"अहो, आत या," त्या म्हणाल्या. "इथं बसा. सूज नाही."

काका स्टुलावर बसले. मी जायला निघाले तर मॅडमनी खुणेनं थांबवलं.

"कोलँजिओकार्सिनोमा," त्या म्हणाल्या. "म्हणा."

"तुला माहीत आहे ना," काका म्हणाले. "मला काय करायचंय."

"मी उद्या शुद्धीत नसेन. लोक तुम्हाला विचारतील, बाईला काय झालं. तुम्ही काय सांगणार? सूज? माझ्या नवऱ्याला सांगता आलं पाहिजे मला काय झालंय ते. म्हणा. को."

"को."

"लँ."

काका एकेक तुकडा म्हणत गेले. मोठ्या, तेलानं काळ्या पडलेल्या बोटांनी गुडघ्यावर तो मोजत गेले. मॅडम सांगत होत्या. 'कोले' म्हणजे पित्त. 'अँजिओ' म्हणजे नळी. काका मधेच म्हणाले, "म्हणजे पाईप चोक झालाय."

"हो."

"मग साफ करता येत नाही का?"

"नाही हो. चोक आतून वाढतोय. पाईपच तसा झालाय."

काका थांबले. आयुष्यभर त्यांनी इंजिनं खोलली होती. कुठलं दुरुस्त होतं आणि कुठलं होत नाही, हे त्यांना कुणी समजावायची गरज नव्हती.

"पुढचा तुकडा राहिलाय," मॅडम हळूच म्हणाल्या.

"तो मला येतो," काका म्हणाले. "कार्सिनोमा."

"बरोबर."

मग काकांनी पिशवीतून मोसंबं काढलं आणि सोलायला घेतलं. एकेक फोड, वरचं पांढरं सोलून, बी काढून ते मॅडमच्या हातावर ठेवत होते. त्या खात होत्या. मी बाहेर आले.

नळी घातल्यावर खाज थोडी कमी झाली. आठवड्याभरानं त्या म्हणाल्या, आता घरी. मुलगी नाशिकहून निघाली होती. काका शेजाऱ्यांची गाडी घेऊन खाली थांबले होते. मी स्वतः चाकाची खुर्ची घेतली. आयाला म्हटलं, तू राहू दे, मीच सोडते.

वॉर्डातून जाताना मॅडम दोन्ही बाजूंच्या कॉटांकडं बघत होत्या. कुणाकडं मान हलवत होत्या. मला खूप काही बोलायचं होतं. लिफ्टपर्यंत जाताना बोलू, लिफ्टमध्ये बोलू, असं मनात चाललं होतं. दाराशी पोचलो तर त्यांनी हात वर केला. मी खुर्ची थांबवली.

"ती कोपऱ्यातली आजी," त्या म्हणाल्या. "तिचं सलाईन संपत आलंय."

"बघते मॅडम. तुम्हाला खाली सोडून येते आणि लगेच—"

"मला खाली काका आहेत. तिच्याजवळ कोण आहे?"

मी बघितलं. आजीजवळ कुणी नव्हतं.

"जा," मॅडम म्हणाल्या. नेहमीच्याच आवाजात.

मी आयाला हाक मारली. तिनं खुर्ची घेतली. मी आजीपाशी गेले, बाटली बदलली, थेंब लावले. आजी जागी होती. तिनं विचारलं, "कोन गेलं गं पोरी?" मी सांगितलं, "माझ्या बाई."

खिडकीशी गेले तेव्हा गाडी फाटकातून वळत होती. मागच्या काचेतून फक्त त्यांचे पांढरे केस दिसले आणि शेजारी काकांचा खांदा. रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर चालला होता, त्याच्या मागं गाडी थोडी थांबली. मग पुढं गेली.